चॅटबॉटला मराठी प्रश्न कसे ओळखायला शिकवायचे?

मागच्या भागात आपण चॅटबॉट म्हणजे काय ते पाहिलं. आज प्रत्यक्ष काम करू. कुठला शब्द दिसला की कुठलं उत्तर द्यायचं, याची यादी कशी लिहायची ते बघू. असा शब्द म्हणजे कीवर्ड. आपण त्याला ‘खूणशब्द’ म्हणू.

उदाहरण म्हैसूरचं घेऊ. समजा, तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडून म्हैसूरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांसाठी एक छोटा बॉट करताय. लोक साधंच विचारणार: राजवाडा किती वाजता उघडतो, तिकीट कितीला, रोषणाई कधी असते, प्राणिसंग्रहालय चालू आहे का. आता म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय एरवी मंगळवारी बंद असतं. बॉटने चुकीचं उत्तर दिलं, तर रात्रभर प्रवास करून आलेलं कुटुंब, लहान मुलं आणि आजी-आजोबांसकट, बंद फाटकासमोर उभं राहील. त्यांचा एक अख्खा दिवस जाईल. म्हणून ही यादी हलक्यात घ्यायची नाही.

आधी थोडा इतिहास. खूणशब्दांवर चालणारा पहिला गाजलेला बॉट म्हणजे ‘एलायझा’. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी तो तयार केला आणि १९६६ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. हे नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या एलायझा डूलिटलवरून घेतलेलं. याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, म्हणजे नाव तसं आपल्या ओळखीचंच. एलायझा वाक्यातले खूणशब्द शोधायची. प्रत्येक खूणशब्दाला एक क्रमांक दिलेला असायचा. एकाच वाक्यात दोन सापडले, तर वरच्या क्रमांकाचा जिंकायचा. काहीच सापडलं नाही, तर ‘हं, पुढे बोला’ अशा अर्थाचं मोघम वाक्य यायचं. ती मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करत होती, त्यामुळे ते खपून जायचं. आपल्या पर्यटकाला मात्र ‘पुढे बोला’ म्हणून चालणार नाही. त्याला वेळ हवी आहे.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीत शब्द वाक्यात आला तरी बहुतेक वेळा जसाच्या तसा राहतो. मराठीत तसं नाही. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. यादीत ‘राजवाडा’ लिहिलं आणि माणसाने ‘राजवाड्याची वेळ काय?’ असं विचारलं, तर तंतोतंत जुळवणाऱ्या बॉटला त्यात राजवाडा दिसतच नाही. ‘राजवाड्यात’, ‘राजवाड्याजवळ’, ‘राजवाड्यासमोर’ यांचंही तेच. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: मराठीत खूणशब्द एकटा लिहायचा नाही, त्याचं कुटुंब लिहायचं.

इथे सोपा उपाय म्हणजे शब्दाचा न बदलणारा भाग घ्यायचा आणि ‘या अक्षरांनी सुरू होणारा कुठलाही शब्द’ असा नियम करायचा. ‘राजवाड’ एवढं घेतलं की वरची सगळी रूपं सापडतात. पण ही युक्ती डोळे मिटून वापरू नका. ‘तिकीट’ घ्या. ‘तिकिटाचा’ म्हणताना ‘की’ ऱ्हस्व होतो. दोन्हींत समान उरतं फक्त ‘तिक’. तेवढंच घेतलं, तर ‘तिकडे कसं जायचं?’ असं विचारणाऱ्यालाही बॉट तिकिटाचे पैसे सांगेल! म्हणून ‘तिकीट’ आणि ‘तिकिट’ अशी दोन्ही रूपं वेगवेगळी लिहायची.

दुसरा सापळा छोट्या शब्दांचा. भाव विचारण्यासाठी ‘दर’ हा खूणशब्द ठेवावासा वाटतो. पण ‘दरवाजा कुठल्या बाजूला आहे?’ यात ‘दर’ आहे. ‘आदर’ आणि ‘सादर’मध्येही आहे. बरं, पूर्ण शब्दच जुळवायचं ठरवलं, तरी ‘दर रविवारी रोषणाई असते का?’ यातला ‘दर’ वेगळाच. अशा शब्दाला जोडीदार द्यायचा. ‘दर’ आणि ‘तिकीट’ दोन्ही असतील, तरच भावाचं उत्तर.

तिसरा सापळा डोळ्यांना दिसत नाही. म्हैसूर म्हटलं की दसरा आलाच. ‘दसऱ्याला’ हा शब्द टाइप करताना काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. घाईत कुणी ‘दसर्याला’ असंही लिहितं. म्हणून यादीत ‘दसर’ आणि ‘दसऱ’ ही दोन्ही सुरुवातीची रूपं हवीत. तसंच ‘प्राणिसंग्रहालय’ आणि ‘प्राणीसंग्रहालय’. शुद्धलेखन आपल्या उत्तरात पाळायचं, समोरच्याच्या प्रश्नात तपासायचं नाही. शिवाय बरेच जण मराठी रोमन लिपीत टाइप करतात आणि ‘झू’ म्हणतात. तीही रूपं याच कुटुंबात घाला.

शब्दाची खरी रूपं कुठे बघायची? याचं उत्तर म्हैसूरमध्येच आहे. तिथल्या मानसगंगोत्री परिसरात १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही केंद्र सरकारची संस्था आहे. भारतीय भाषांतल्या मजकुराचे मोठे संग्रह, म्हणजे कॉर्पस, तिने उभे केले आहेत. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठासोबत केलेल्या ‘एमिल’ प्रकल्पाच्या संग्रहात मराठीही आहे. अशा संग्रहात एखादा शब्द शोधला की तो प्रत्यक्ष वाक्यांत किती रूपांनी येतो ते कळतं. मात्र हा मजकूर छापील वळणाचा असतो आणि लोक चॅटवर बोलल्यासारखं लिहितात. म्हणून आपल्या ओळखीच्या दहा जणांना सांगा, ‘राजवाड्याची वेळ विचारायची आहे, कसं विचाराल?’ त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्या. आपली यादी त्यांना आधी दाखवू नका.

आता नियमांचा क्रम. जास्त नेमका नियम वर, मोघम नियम खाली. आपल्या बॉटचे चार नियम असे लिहू:

१. प्राणिसंग्रहालय आणि मंगळवार, दोन्ही कुटुंबांतले शब्द आले: ‘प्राणिसंग्रहालय एरवी मंगळवारी बंद असतं. सणाच्या दिवसांत बदल होऊ शकतो, निघण्यापूर्वी खात्री करा.’

२. फक्त प्राणिसंग्रहालय आलं: रोजची वेळ, आणि मंगळवारच्या सुट्टीची आठवण.

३. राजवाडा आणि रोषणाई (किंवा दिवे, लाइट) आले: रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी रोषणाई असते, हे उत्तर.

४. फक्त राजवाडा आला: राजवाडा बघण्याची वेळ.

क्रम उलटा केला, तर रोषणाई विचारणाऱ्याला चौथा नियम आधीच पकडेल आणि दिवसाची वेळ सांगून मोकळा होईल.

उत्तर लिहिताना तीन गोष्टी पाळा. एक, आपल्याला काय समजलं ते आधी सांगा: ‘राजवाड्याच्या वेळेबद्दल विचारताय असं समजून सांगतो.’ कारण ‘राजवाडा बघून झाला, आता कुठे जाऊ?’ या वाक्यातही राजवाडा आहे. बॉट चुकला, तर निदान माणसाच्या लगेच लक्षात येईल. दोन, माहिती कधी तपासली ती तारीख द्या. तीन, काहीच जुळलं नाही, तर अंदाजाने उत्तर देऊ नका. ‘हा प्रश्न मला कळला नाही’ असं सरळ सांगा, तीन-चार पर्याय द्या आणि माणसाशी बोलायची सोय ठेवा.

कुणी म्हणेल, आता भाषा समजणारी मोठी मॉडेल्स आली, मग हा खटाटोप कशाला? एकाच कारणासाठी. यादीतलं प्रत्येक उत्तर तुम्ही स्वतः वाचून, तपासून लिहिलेलं असतं. वेळ, सुट्टी, पैसे अशा बाबतींत ही खात्री मोलाची आहे.

जे प्रश्न जुळले नाहीत, ते नावं आणि फोन नंबर काढून एका वहीत जमा करा. आठवड्यातून एकदा वाचा आणि नवी रूपं यादीत घाला. बॉट सुधारतो तो असाच.

आजचा गृहपाठ: ‘बाग’, ‘वीज’ आणि ‘प्राणी’ या तीन शब्दांची जितकी रूपं सुचतील तितकी लिहा. मग प्रत्येकाचा किती भाग खूण म्हणून चालेल ते ठरवा. ‘वीज’ला जरा घाम फुटेल. उत्तरं पुढच्या भागात बघू.