अर्धा सेकंद

धनत्रयोदशीची संध्याकाळ. स्वयंपाकघरात चकल्यांचा शेवटचा घाणा कढईत होता आणि माझा पुतण्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात संगणकापुढे बसला होता.

"काय रे, अजून उरकलं नाही का तुझं?" मी विचारले.

"उरकलं की, काका. पण आज पाठवीत नाही. भाऊबीज होऊ दे."

"तयार माल घरात कशाला ठेवायचा?"

"उद्या त्यात चूक निघाली तर निस्तरणार कोण? मी असेन ताईकडे पाटावर बसलेला!"

पुतण्याचे हे काम नोकरीचे नव्हे. नोकरी सांभाळून तीनचार मित्रांसह तो एक लहानशी आज्ञावली (संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच) तयार करतो आणि साऱ्या जगाला मोफत देतो. फुकट द्यायच्या वस्तूसाठी मुहूर्त पाहणारा हा मुलगा मला अंमळ विक्षिप्तच वाटला. "फुकट घेणाऱ्याने तक्रार कशाला करावी?" असे मी म्हणताच तो खुर्ची वळवून बसला आणि त्याने मला एक हकीकत सांगितली. वाचकहो, ती तुम्हांलाही सांगण्याजोगी आहे.

कृती आणि डबा

आधी हा 'ओपन सोर्स' प्रकार काय ते पाहू. दुकानातून चिवड्याचे पाकीट आणले तर चिवडा मिळतो, कृती मिळत नाही. पण शेजारच्या काकूंनी डब्याबरोबर कृतीही लिहून दिली, "हवा तर फरक करा, पुढे कोणालाही द्या" असे म्हटले, तर? काही आज्ञावल्या अशाच कृतीसकट दिल्या जातात. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचाराची चळवळ सुरू केली. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केवळ हौस म्हणून 'लिनक्स' लिहायला घेतले आणि ते सर्वांपुढे उघडे ठेवले. आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. म्हणजे तुमच्याआमच्या घरात हा फराळ केव्हाच येऊन पोचला आहे!

एका थकलेल्या माणसाची गोष्ट

अशाच मोफत आज्ञावल्यांपैकी एक म्हणजे 'एक्सझेड'. मोठा मजकूर दाबून लहान करायचा आणि हवा तेव्हा पुन्हा उलगडायचा, एवढेच तिचे काम. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ती असते, पण तिचे नाव कोणी घेत नाही. फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे बिनपगारी ती सांभाळीत होते.

२०२१ साली 'जिया टॅन' असे नाव लावणारा एक मदतनीस तेथे आला. कामसू, नम्र आणि वेळेवर उत्तरे देणारा. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्या गृहस्थांवर तगादा सुरू झाला. काम फार मंद चालले आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या, असा एकच घोषा! प्रकृती साथ देत नाही आणि हे काम बिनपगारी हौसेचे आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. अखेर त्या कामसू मदतनिसाला अधिकार मिळाले. पुढे नव्या आवृत्त्याही तोच काढू लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती निघाली आणि मार्चमध्ये ५.६.१. भिंतीवर लावलेल्या कृतीत सारे काही ठीक दिसत होते. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या एकदोन फायली कोणाला वाचता येण्यासारख्या नव्हत्या, पण तिकडे कोण पाहतो? खरी मेख बंद डब्यात होती. वाटपासाठी जो गठ्ठा बांधला होता त्यात कृतीत नसलेला एक तुकडा घातलेला होता. तो त्या निरुपद्रवी फायलींतून चोर बाहेर काढी आणि दूरच्या संगणकात शिरण्याच्या दारात नेऊन बसवी. गुप्त किल्ली बाळगणाऱ्याला ते दार उघडे!

पाहारेकरी

चोर पकडला गेला तो मोठ्या यंत्रणेकडून नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेले अभियंते पोस्टग्रेस या दुसऱ्याच मुक्त प्रकल्पासाठी काही मोजमाप करीत होते. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो, असे त्यांच्या लक्षात आले. तुम्हीआम्ही अर्ध्या सेकंदासाठी चष्मासुद्धा पुसणार नाही. त्यांनी मात्र धागा धरला, तो उसवत नेला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जगापुढे मांडला.

तोवर तो विषारी डबा काही ठिकाणी पोचलाही होता. पण 'डेबियन' या मोठ्या लिनक्स प्रकल्पात नवी वस्तू थेट माजघरात नेत नाहीत. आधी 'अस्थिर', मग 'चाचणी' आणि पुष्कळ काळानंतर 'स्थिर' अशा तीन खोल्या आहेत. स्थिर खोलीपर्यंत चोर पोचला नव्हता. अशा उंबरठ्यांमुळे मोठा अनर्थ टळला. 'जिया टॅन' हे नाव घेणारा कोण होता, ते मात्र आजवर जगाला कळलेले नाही.

घालून घेतलेले नेम

"म्हणून आम्ही नेम पाळतो," पुतण्या म्हणाला. ते नेम ऐकून मला एखाद्या नीटनेटक्या गृहिणीची आठवण झाली.

स्वतः केलेला बदल स्वतःच मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने तो वाचलाच पाहिजे. लिनक्समध्ये तर २००४ पासून बदल पाठवणारा त्याखाली आपले नाव घालून हमी देतो. दुसरा नेम वेळापत्रकाचा. लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीसाठी नवे बदल घेण्याचे दार दोनच आठवडे उघडे असते. पुढे केवळ दुरुस्त्या होतात आणि दर आठवड्याला चाचणीची एक आवृत्ती निघते. नऊदहा आठवड्यांनी पक्की आवृत्ती येते. ज्याचा बदल राहिला त्याने पुढच्या गाडीची वाट पाहावी. एका प्रवाशासाठी गाडी थांबत नाही.

तिसरा नेम आकड्यांचा. पुष्कळ प्रकल्पांत आवृत्तीला तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, आणि पहिला वाढला तर सावध, जुने काहीतरी मोडण्याचा संभव आहे. सोबत बदलांची यादी हवी, तीही साध्या भाषेत. "वापरणाऱ्याचे चालू काम मोडायचे नाही" यावर टोरवाल्ड्स फार कडक आहेत.

आणि एक्सझेडने शिकवलेला सर्वांत मोठा नेम असा, की डब्यात तेच असावे जे कृतीत आहे. एकाच कृतीवरून दोन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत डबे भरले तर ते अक्षरशः सारखे निघाले पाहिजेत. तसे निघाले नाहीत तर कोठेतरी पाणी मुरते आहे, असे समजावे.

चुका लपवायच्या नाहीत, हाही नेमच. प्रा. डोनाल्ड नुथ यांनी आपल्या 'टेक' या छपाईच्या आज्ञावलीत चूक दाखवणाऱ्याला बक्षिसाचा धनादेश देण्याची प्रथा पाडली. त्यांच्या आवृत्तीचा आकडा हळूहळू 'पाय' या संख्येकडे सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात तो 'पाय' करावा आणि उरलेल्या चुकांना गुण म्हणावे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे!

राखणदाराची राखण

हे सारे ऐकूनही माझ्या मनातून फिनलंडमधील ते गृहस्थ जाईनात. जगाने त्यांचा फराळ वर्षानुवर्षे खाल्ला, पण "तुम्ही दमलात का?" असे विचारायला फारसे कोणी गेले नाही. विचारायला आला तो चोर. नेम कितीही असोत, एकट्या माणसाला ते पाळता पाळता धाप लागते. मे २०२४ मध्ये त्याच गृहस्थांनी स्वतः निवडून टिपून स्वच्छ केलेली ५.६.२ ही आवृत्ती लोकांच्या हाती दिली, हे ऐकले तेव्हा माझी मान आदराने लवली.

"तुझ्यानंतर तुझं काम कोण पाहणार रे?" मी पुतण्याला विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हा प्रश्न आम्हीही एकमेकांना अजून विचारलेला नाही, काका."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याची आवृत्ती गेली. बदलांच्या यादीच्या तळाशी एक नवी ओळ होती: हे काम सांभाळायला दोन माणसे हवी आहेत. घाई नाही, ओळख होऊ द्या.

मी चकल्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.