काटापट्टी ते डेटाबेस

दसरा उलटला की शिरपूर तालुक्यातल्या जिनिंगांच्या फाटकांवर कापसाच्या गाड्या लागू लागतात. गाडी आधी काट्यावर चढते. भरलं वजन होतं, माल हातात घेऊन ओलावा आणि धागा पाहिला जातो, भाव ठरतो, गाडी खाली होते. मग रिकामं वजन वजा होऊन काटापट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. नाव, गाव, गाडीचा नंबर, क्विंटल सगळं त्या कागदावर असतं. तोच मजकूर पुढे हिशोबपट्टीत उतरतो, तिथून खतावणीत, तिथून बँकेला द्यायच्या यादीत, आणि शेवटी कर सल्लागाराकडे. व्यवहार एक, लिहिणारे हात चार. कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. अर्ध्या गावाचं आडनाव पाटील असलेल्या आपल्या भागात यातून काय घोळ होतो, ते हंगामाच्या शेवटी खाती जुळवत बसणाऱ्या दिवाणजींना विचारावं.

डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली हा घोळ मुळातूनच टाळते. गोष्ट एकदाच, एका जागी नोंदवायची आणि ज्याला लागेल त्याने तिथूनच घ्यायची, हा तिचा पाया. खानदेशातल्या व्यापाराने संगणक कधीच घेतला. हा नियम मात्र अजून पुरता घेतलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

नियम तसा जुना नाही. १९६०च्या दशकात अपोलो मोहिमेच्या अवाढव्य रॉकेटचे सुटे भाग नोंदवण्याच्या गरजेतून आयबीएमची आयएमएस ही प्रणाली उभी राहिली. तिच्यात माहिती वंशावळीसारखी वरून खाली रचलेली असे. वरून खाली विचारलं तर उत्तर चटकन मिळे, पण आडवा प्रश्न विचारायचा तर प्रोग्रामरला नव्याने कामाला लागावं लागे. १९७० साली आयबीएममधल्याच एडगर कॉड या गणितज्ञाने वेगळी वाट दाखवली. माहिती साध्या टेबलांत ठेवा, ओळी आणि रकाने. दोन टेबलं जोडायची ती दोन्हींत असलेल्या सामायिक क्रमांकाने. प्रश्न कोणता येणार हे आधी ठरवून ठेवायची गरज नाही. चेंबरलिन आणि बॉइस या संशोधकांनी १९७४ मध्ये त्यासाठी प्रश्न विचारायची भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. १९७९ मध्ये ओरॅकलने ती बाजारात विकायला आणली.

सामायिक क्रमांकाची ही रीत आपल्या महसूल खात्याला नवी नाही. गाव नमुना सातवर जमिनीचा हक्क, बारावर पीक, आठ-अ वर खातेदाराची एकूण जमीन, सहावर फेरफार. या सगळ्या नमुन्यांना गट नंबर आणि खाते नंबर एकत्र बांधतात. वारस लागो की बोजा चढो, आधी फेरफार मंजूर होतो, मगच सातबारा बदलतो. १ मे २०१८ पासून सातबारा डिजिटल सहीने मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. व्यापाराशी त्याचा थेट संबंध आहे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापूस घालायचा तर पिकाच्या नोंदीत कापूस दिसावा लागतो. शेतात पांढरं सोनं आणि नोंदीत मका असेल, तर शेतकऱ्याने तलाठ्याकडे खेटे घालायचे.

दुसरी मोठी गोष्ट विश्वासाची. पतसंस्थेत एका खात्यातून दहा हजार निघाले, दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली, तर पैसे कुठे राहिले? भारनियमन भोगलेल्या खानदेशाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर पक्कं केलं, आणि ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. व्यवहार एक तर पूर्ण होईल, नाही तर झालाच नाही असं धरलं जाईल. त्यासाठी प्रणाली प्रत्येक बदल आधी क्रमवार नोंदवहीत लिहिते आणि मग खात्यात. आधी रोजकीर्द, मग खतावणी, हा आपल्या पेढ्यांचा शिरस्ता तिथे जसाच्या तसा दिसतो.

नव्वदच्या दशकात छोट्या संस्थांना परवडलं ते फॉक्सप्रो हे डेटाबेस सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने ते १९९२ मध्ये विकत घेतलं आणि पुढे बंदही केलं. व्यापाऱ्याच्या टेबलावर टिकली ती टॅली. भारत गोयंका यांनी १९८०च्या दशकात ती वडिलांच्या धंद्याच्या हिशोबासाठी लिहिली. एक व्हाउचर भरलं की खतावणी, साठा आणि ताळेबंद आपोआप बदलतात, कारण आत डेटाबेस आहे. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दुरुस्तीचा माग ठेवणं सक्तीचं झालं. ही सक्ती मला रास्त वाटते.

बाकीचं शिस्तीचं काम जीएसटीने केलं. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, आपले २७, पुढची दहा अक्षरं पॅनची आणि शेवटचं तपासणीचं. विक्रेत्याने बिल विवरणात दाखवलं नाही तर १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला त्या बिलावरच्या कराची वजावट घेता येत नाही. पळासनेर ओलांडून सेंधव्याहून माल आणणाऱ्याला दुसऱ्याच्या नोंदीवर आपले पैसे अडतात, हे तेव्हापासून नीट कळलं. माणसांना क्रमांक देण्याची सुरुवातही याच मुलखात झाली. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बोटांचे ठसे आणि बुबुळं आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहिल्याशिवाय नवा क्रमांक मिळत नाही. एक माणूस, एक नोंद.

आता शिरपूरचं. सूतगिरणी, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं, एनएमआयएमएस विद्यापीठाचा परिसर. तालुक्याच्या गावात धंदा आणि विद्या इतक्या जवळ क्वचितच नांदतात. पण देशभरातल्या प्रयोगशाळांत मुलं वर्षानुवर्षं एसक्यूएल शिकली ती ओरॅकलच्या जुन्या सरावाच्या टेबलांवर. त्यांत चौदा कर्मचारी आहेत आणि चार विभाग, न्यूयॉर्क, डॅलस, शिकागो, बोस्टनचे. डॅलसमधला पगार काढता येणाऱ्या मुलाला रस्त्यापलीकडच्या जिनिंगचा प्रश्न कुणी दिलेलाच नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि प्रश्न तर खरा आहे. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. हजार क्विंटलला रुईचा हा उतारा एक टक्क्याने वाढला तर दहा क्विंटल रुई जास्त, म्हणजे १७० किलोच्या जवळपास सहा गाठी. कोणत्या गावाचा, कोणत्या वाणाचा कापूस चांगला उतरतो हे कळलं तर जिनिंगवाला त्याला भाव वाढवून देऊ शकेल आणि शेतकरीही पुढच्या वर्षी बियाणं त्या हिशोबाने घेईल. पण गाडी खाली झाली की माल ढिगात मिसळतो आणि नोंदीचा धागा तिथेच तुटतो.

त्यासाठी टेबलं लागतात पाचच : शेतकरी, काटा, ढीग, गाठींचा लॉट आणि रक्कम. शेतकऱ्याला एक कायम क्रमांक, तोच काट्यावर आणि तोच रक्कम देताना. गावाप्रमाणे किंवा वाणाप्रमाणे ढीग वेगळे लावायचे, ढिगाला क्रमांक द्यायचा आणि लॉट दाबताना तो क्रमांक लिहायचा. मग काटापट्टीपासून गाठीपर्यंत मागे-पुढे जाता येतं. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला हा प्रकल्प आहे. शेतकऱ्याचं नाव आणि खातं कुणाला दिसावं, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवायचं. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तेच सांगतो. काटापट्टी ते गाठ हा माग लागावा म्हणून काट्यावरच्या टेबलात ढिगाच्या क्रमांकाचा एक रकाना वाढवावा लागेल, आणि काट्यावर बसणाऱ्या मुलाला भरली गाडी समोर उभी असतानाच वाण विचारून घ्यावं लागेल.