गोल भागांवरील छिद्रांची समान आखणी

धार येथील लाट मशिदीजवळ एका प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आहेत. परंपरेने त्याचा संबंध अकराव्या शतकातील भोजराजाशी जोडला जातो. स्तंभाच्या अंगावर ठिकठिकाणी लहान गोल खड्डे दिसतात. घडाई करताना त्यांत पहारी अडकवून जड लोखंड फिरवीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. हे खड्डे समान अंतरावर नाहीत. तशी आवश्यकताही नव्हती. पहार अडकविण्यास कोणताही खड्डा पुरेसा होता. यंत्राच्या जोडकामात मात्र एका भागावरील प्रत्येक छिद्र दुसऱ्या भागावरील छिद्रासमोरच यावे लागते.

धार व देवास ही पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. आज देवास येथे किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे, तर धार जिल्ह्यातील पीथमपूर हे वाहने व त्यांचे सुटे भाग यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा कारखान्यांत जिग नावाच्या साच्यामुळे प्रत्येक नगावरील छिद्रे एकसारखी पडतात. परंतु विहिरीवरील पंपाची फ्लँज तुटली, तर नवी चकती बहुधा गावातील वर्कशॉपमध्येच तयार करावी लागते. तेथे छिद्रे चुकली, की बोल्ट ठोकून बसवावे लागतात, फ्लँज तिरपी बसते, खेचनळीत हवा शिरते आणि पंप पाणी उचलत नाही. उभे पीक त्यासाठी थांबत नाही.

आखणीची रीत

प्रथम चकतीच्या पृष्ठावर खडू अथवा मोरचुदाचे पाणी लावावे. म्हणजे रेघ स्पष्ट उमटते. मध्यभागी भोक असल्यास त्यात लाकडाचा तुकडा घट्ट बसवून त्यावर केंद्रबिंदू काढावा. नंतर छिद्रांच्या केंद्रांतून जाणारे वर्तुळ कंपासने आखावे.

छिद्रे सहा असतील, तर हिशेबाची गरज नाही. त्रिज्येएवढे अंतर परिघावर सहा वेळा बरोबर बसते. अन्य संख्यांसाठी वर्तुळाच्या व्यासाला पुढील अंकाने गुणावे : तीन छिद्रांस ०.८६६, चारांस ०.७०७, पाचांस ०.५८८, आठांस ०.३८३. येणारा गुणाकार म्हणजे लगतच्या दोन केंद्रांमधील सरळ अंतर होय. १६० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर आठ छिद्रे हवी असल्यास ते सुमारे ६१.२ मि.मी. येते.

येथे एक दक्षता घ्यावी. एकामागून एक अंतरे टाकत गेल्यास चूक साठत जाते. प्रत्येक पावलास पाव मि.मी. चूक झाली, तर आठव्या पावलास ती दोन मि.मी. होते. १६ मि.मी.च्या बोल्टसाठी १८ मि.मी.चे छिद्र ठेवले असेल, तर सारी मोकळीक त्यातच संपते. म्हणून चार किंवा आठ छिद्रांसाठी आधी व्यास, मग त्यास लंब दुसरा व्यास काढावा आणि प्रत्येक चतुर्थांश दुभागावा. अशा रीतीने चूक पुढे वाढत नाही.

नळीसाठी कागदाची पट्टी उपयोगी पडते. ती नळीभोवती गुंडाळून जेथे टोक मिळते तेथे खूण करावी व खुणेपर्यंतचा कागद तीनदा दुमडावा; आठ समान भाग मिळतात. नळीच्या लांबीस समांतर रेघ हवी असल्यास लोखंडी अँगल नळीवर पालथा ठेवून त्याच्या कडेने रेघ मारावी.

छिद्र पाडणे

सेंटर पंचने प्रथम हलकी खूण करावी, सर्व अंतरे पुन्हा मोजावीत व मगच खूण खोल करावी. आधी लहान ड्रिल, नंतर पूर्ण मापाचे ड्रिल वापरावे. चकती हाताने न धरता शिकंजात आवळावी. हातमोजे व सैल बाह्या टाळाव्यात.

जोडीचा भाग शक्यतो स्वतंत्र आखू नये. दोन्ही भाग एकमेकांवर आवळून पहिले छिद्र आरपार पाडावे व त्यात बोल्ट घालावा. नंतर समोरचे छिद्र पाडून तेथेही बोल्ट घालावा व उरलेली छिद्रे त्यानंतर पाडावीत. सुटे करण्यापूर्वी दोन्ही भागांच्या कडेवर समोरासमोर पंचचा एकेक ठिपका द्यावा. पुन्हा जोडताना तोच मार्गदर्शक ठरतो.

शालेय भूमितीत शिकविली जाणारी जीवा व लंबदुभाजक यांचा हा प्रत्यक्ष उपयोग आहे. शिक्षकांनी पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. एक चकती दुसरीवर कोणत्याही छिद्रापासून फिरवून ठेवली तरी सर्व छिद्रे जुळली, तर आखणी बरोबर झाली असे समजावे.