डार्टची शेपटी

वजन 22 ग्रॅम हवे की 24, टंगस्टन किती टक्के, बॅरलवरच्या खाचा खोल की उथळ, यावर डार्ट खेळणाऱ्यांत तासन्‌तास खल चालतो. शेपटीकडे मात्र कुणी फारसे बघत नाही. डबीत जो शाफ्ट (बॅरलमागचा दांडा) आणि ज्या फ्लाइट (दांड्याच्या टोकाचे पंख) आल्या, त्याच फाटेपर्यंत चालतात. खरे तर नेम कितीही चांगला असला तरी डार्टला हवेत सरळ ठेवते ती ही शेपटीच.

शटलकॉक कसेही मारा, बूच पुढे येते आणि पिसे मागे जातात. इथेही तसेच. वजन पुढे बॅरलमध्ये, हवा अडवणारा पसारा मागे. बोटांतून सुटताना डार्ट तंतोतंत सरळ नसतोच. टोक जरासे वर असते किंवा बाजूला. मग हवा फ्लाइटवर तिरकी आदळते आणि शेपटीला मार्गावर ढकलते. शेपटी थोडी पलीकडे जाते, परत येते. टाकण्याच्या रेषेपासून बोर्ड 2.37 मीटरवर, डार्ट तिथे अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. हेलकावा विरायला एवढाच वेळ.

शाफ्ट म्हणजे तरफेचा दांडा. आखूड साधारण 35 मिलीमीटरचा, मध्यम 48च्या आसपास. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. दांडा लांबला की फ्लाइट वजनाच्या मध्यापासून दूर जाते आणि हवेच्या तेवढ्याच रेट्याने डार्ट जास्त वळतो. पण शेपटी जराशी जडही होते. फ्लाइट मोठी घेतली तर रेटाच वाढतो, मात्र डार्टचा वेगही मरतो आणि तो बोर्डावर खाली लागतो. माझ्या अनुभवात शाफ्टपेक्षा फ्लाइटचा फरक लवकर जाणवतो.

हळू, उंच कमानीत टाकणाऱ्याने स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या फ्लाइटपासून सुरुवात करावी. जोरात, सपाट टाकणाऱ्याला काइट किंवा स्लिम आकार पुरतो. फिल टेलर 16 वेळा विश्वविजेता झाला म्हणून त्याच्यासारखी जोडणी घ्यायची, हा उद्योग करू नये. त्याचा हात आपल्याला मिळत नाही.

मग ठरवायचे कसे? मध्यम शाफ्ट, स्टँडर्ड फ्लाइट लावून तीस-चाळीस डार्ट टाकायचे आणि गुण न मोजता बोर्डात रुतलेल्या शेपट्या बघायच्या. एक डावीकडे कललेली, दुसरी वर, तिसरी उजवीकडे, असे असेल तर हेलकावा विरलेला नाही: फ्लाइट मोठी करा, नाहीतर शाफ्ट लांब. तिन्ही एकाच बाजूला कलत असतील तर आधी हाताची सुटका तपासा. डार्ट सरळ रुततात पण सगळे खालीच लागतात, तर फ्लाइट एक माप लहान करून बघा. एका वेळी एकच बदल. मी एकदा शाफ्ट आणि फ्लाइट दोन्ही एकदम बदलले, नेम सुधारला, आणि कशामुळे ते शेवटपर्यंत कळले नाही.

पकडही बघावी लागते. बॅरल अगदी मागे धरणाऱ्याची बोटे आखूड शाफ्टवर फ्लाइटला घासतात. असा डार्ट सुटतानाच बिघडतो.

ट्रेबल वीसच्या, म्हणजे विसाच्या तिप्पट गुणांच्या पट्टीच्या, मागे लागलात की वेगळीच अडचण. ती पट्टी जेमतेम 8 मिलीमीटर रुंद. पहिल्या डार्टची रुंद फ्लाइट दाराआड उभ्या माणसासारखी वाट अडवते आणि तिसरा तिला लागून भलतीकडे जातो. त्या वेळी थोडी स्थिरता सोडून लहान फ्लाइट घेणे परवडते.

जोडणी बदलण्याआधी एक तपासणी मात्र कराच. ॲल्युमिनियमचा शाफ्ट काचेवर लोळवा. वाकला असेल तर टोक थरथरताना दिसते. प्लास्टिकचा असेल तर तो बॅरलमध्ये घट्ट बसलाय ना बघा, खेळताना तो हळूहळू सैल होतो. फ्लाइटच्या चार पाकळ्या मागून डोळ्यासमोर धरा. फुली नीट दिसली पाहिजे. एक पाकळी दुमडलेली असेल तर आधी फ्लाइट बदला आणि मगच मोजमापाला लागा.