आनंदीबाई : नाटकातील व इतिहासातील

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. त्यामागील कथा अशी : नारायणराव पेशव्यास 'धरावे', असा हुकूम त्याचा चुलता रघुनाथराव याने गारद्यांना दिला; रघुनाथरावाची पत्नी आनंदीबाई हिने त्यातील एक अक्षर बदलून 'मारावे' असे केले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावाचा वध झाला.

या घटनेवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०९ साली 'भाऊबंदकी' हे नाटक लिहिले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे बापूजी अणे ज्या लोकमान्यांचे अनुयायी, त्यांच्याच 'केसरी'त खाडिलकर काम करीत. त्यांच्या आनंदीबाईकडे पाहिले, की शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातील मॅकबेथच्या पत्नीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दोघींचे पती पराक्रमी, पण मनाने डळमळीत. दोघींना सत्ता हवी आहे. परंतु स्त्रीला सिंहासनाची वाट पतीच्या पावलांनीच चालावी लागे. म्हणून त्या पतीच्या भित्रेपणाला डिवचतात आणि त्याचा धीर बांधतात.

तथापि त्यांना केवळ राक्षसिणी मानणे योग्य नव्हे. मॅकबेथची पत्नी निजलेल्या राजाजवळ जाते. पण त्याच्या मुद्रेत तिला आपल्या पित्याचा भास होतो आणि तिचा हात उचलत नाही. पुढे हीच स्त्री झोपेत चालते आणि हातावरचे न दिसणारे रक्त पुन्हा पुन्हा धुते. कठोरपणाचा आव आणलेले मन आतून मऊच होते, हे ध्यानात आल्यावर तिच्याविषयीच्या तिरस्कारात करुणा मिसळते. माझ्या मते शोकांतिकेचे खरे सामर्थ्य येथेच आहे. मराठीत हे नाटक वि. वा. शिरवाडकर यांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने आणले. त्यातील राणीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली; 'भाऊबंदकी'तील आनंदीबाईही त्यांनी रंगविली.

आता नाटक बाजूस ठेवून इतिहासाकडे वळू. खऱ्या मॅकबेथने डंकन राजाला निद्रेत मारले नाही; तो राजा १०४० साली लढाईत पडला. मॅकबेथने पुढे सतरा वर्षे राज्य केले. त्याच्या ग्रुओख नावाच्या राणीने कोणास चिथावल्याचा दाखला नाही. आनंदीबाईने अक्षर बदलले, याचाही निर्णायक पुरावा इतिहाससंशोधकांना मिळालेला नाही. नाटककाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. पण वाक्प्रचार वापरताना आपण नकळत एका खऱ्या स्त्रीवर आरोप करीत असतो.

रघुनाथरावाला पेशवेपद फार काळ लाभले नाही. कारभाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध एकजूट केली आणि १७८३ साली तो कोपरगाव येथे वारला. आनंदीबाई १७९४ साली निवर्तली. त्यानंतर दोनच वर्षांनी तिचा पुत्र दुसरा बाजीराव पेशव्यांच्या गादीवर बसला.