विश्लेषण : २०० वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियनांचा इतिहास कसा जपला जातो?

नॉर्वेतील स्टॅव्हेंजर बंदरातून ४ जुलै २०२५ रोजी निघालेले ‘रेस्टोरेशन’ हे लाकडी शिडाचे जहाज ९ ऑक्टोबरला न्यू यॉर्कला पोहोचले. २०० वर्षांपूर्वी याच नावाच्या जहाजातून नॉर्वेजियन स्थलांतरितांची पहिली संघटित तुकडी अमेरिकेत उतरली होती. नवे जहाज ही त्याची प्रतिकृती. सोहळा थाटात झाला. मात्र या स्थलांतराचा मूळ ठेवा पत्रांत, चर्चच्या नोंदवह्यांत आणि वंशजांच्या घरातील जुन्या पेट्यांत आहे, आणि तो वाचू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत.

पहिल्या जहाजावर कोण होते?

१८२५च्या जुलैमध्ये ५२ जण निघाले. त्यांत क्वेकर पंथाचे आणि त्या पंथाकडे ओढा असलेले अनेक जण होते. सरकारी लुथरन चर्चबाहेर उपासना करणे त्या काळी नॉर्वेत सोपे नव्हते. क्लेंग पियर्सन हा त्यांचा वाटाड्या १८२१ मध्येच पाहणीसाठी अमेरिकेला गेला होता. प्रवासात २ सप्टेंबरला एक मुलगी जन्मली, त्यामुळे न्यू यॉर्कला उतरले ५३ जण. उतरताच अडचण उभी राहिली. १८१९च्या अमेरिकी कायद्यानुसार जहाजाच्या दर ५ टनांमागे दोनच प्रवासी आणता येत आणि हे जहाज होते जेमतेम ३९ टनांचे. जहाज जप्त झाले, दंडही झाला. अखेर १५ नोव्हेंबरला अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी माफी दिली.

बहुतेकांनी ओंटारिओ सरोवराकाठी केंडॉल येथे जमीन घेतली. १८३४ पासून त्यांतील अनेक जण इलिनॉयमधील फॉक्स नदीच्या परिसरात सरकले. पुढील १०० वर्षांत ८ लाखांहून अधिक नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. एवढ्या मोठ्या प्रवाहाची सुरुवात ज्यांनी केली, त्यांची नावे मात्र कुणी वेळीच नीट लिहून ठेवली नव्हती. विस्कॉन्सिनचे रॅस्मस अँडरसन यांनी हयात प्रवासी आणि त्यांच्या नातलगांकडून माहिती गोळा करून ती १८९५ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. आणखी २० वर्षे उशीर झाला असता, तर विचारायला फारसे कुणी उरलेच नसते.

पत्रांना इतके महत्त्व का?

कारण स्थलांतर वाढले ते पत्रांमुळे. येर्ट होवलांड या शेतकऱ्याने १८३५ मध्ये लिहिलेल्या पत्राच्या हाताने नकला काढल्या गेल्या आणि त्या गावोगावी वाचल्या गेल्या. अशा पत्रांना नॉर्वेत ‘अमेरिका-पत्रे’ असेच नाव पडले. पिकाचा भाव, मजुरी, आजारपण, मृत्यू, सारे त्यांत येते. सरकारी कागदात हे सापडणार नाही.

अडचण अशी, की यांतील बरीच पत्रे जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत आहेत. आज नॉर्वेत वाढलेल्या माणसालाही ती सहज वाचता येत नाहीत. अमेरिकेतील वंशजांची तर भाषाच सुटली. पहिल्या महायुद्धात परकीय भाषांविषयी संशय वाढला. आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी १९१८ मध्ये शाळा, चर्च, सार्वजनिक ठिकाणे, इतकेच काय टेलिफोनवरही फक्त इंग्रजीच बोलण्याचे फर्मान काढले. तरीही आयोवातूनच निघणारे ‘डेकोरा-पोस्टन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र १९७२ पर्यंत टिकले, हे विशेष.

पूर्वज शोधताना आडनावाचा घोळ का होतो?

ग्रामीण नॉर्वेत तेव्हा कायमचे आडनाव नसे. लार्सचा मुलगा ओले तो ओले लार्सन, आणि ओलेचा मुलगा पेडर तो पेडर ओलसन. त्यापुढे शेताचे नाव लागे, साधारण आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखे. शेत बदलले की नावही बदले. अमेरिकेत आल्यावर कुणी वडिलांचे नाव आडनाव केले, कुणी शेताचे. सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी झाली. म्हणून नुसते ‘ओलसन’ शोधून हाती काही लागत नाही. शेत आणि चर्चचा परगणा माहीत हवा. तो कळला की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिजिटालआर्किव्हेट’ या संकेतस्थळावर चर्चच्या नोंदवह्या मोफत पाहता येतात.

जतनाचे काम कोण करते?

आयोवातील डेकोरा येथील ‘वेस्टरहाइम’ संग्रहालयाची सुरुवात १८७७ मध्ये लुथर महाविद्यालयातील संग्रहाने झाली. नक्षीदार पेट्या, विणकाम, शेतीची अवजारे आणि लाकडी ओंडक्यांची घरे तिथे आहेत. कागदपत्रांची जबाबदारी ‘नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन’ने घेतली. १९२५ मध्ये मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात ती स्थापन झाली. कादंबरीकार ओ. ई. रोलवाग तिचे पहिले सचिव होते, तर इतिहासकार थिओडोर ब्लेगेन यांनी प्रकाशने सांभाळली. वंशावळीसाठी १९७४ पासून विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे स्वतंत्र केंद्र आहे.

या इतिहासात काय सुटले?

ज्या जमिनीवर हे लोक वसले, ती रिकामी नव्हती. कष्टाळू शेतकऱ्याच्या गौरवकथेत हा भाग बराच काळ तळटीपेपुरताच राहिला. नॉर्थ डकोटातील स्पिरिट लेक येथे डकोटा जमातीचे राखीव क्षेत्र १९०४ मध्ये बाहेरच्यांना खुले झाले. १९२९ पर्यंत तिथे डकोटांपेक्षा स्कँडिनेव्हियन वंशाच्या लोकांकडे जास्त जमीन होती. समाजशास्त्रज्ञ कॅरन हॅन्सन यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आहे. पत्रे वाचताना त्यांत न लिहिलेलेही पाहावे लागते, ते यासाठी.

संग्रहालय बंद पडले तर?

हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी नॉर्वेने लाकडी इमारत बनवून पाठवली होती. पुढे ती विस्कॉन्सिनमधील ‘लिटल नॉर्वे’ या खासगी संग्रहालयात आली. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. त्यानंतर नॉर्वेतील ओर्कांगर या तिच्या मूळ गावच्या लोकांनी येऊन ती सुटी केली आणि परत नेली. २०१७ पासून ती तिथेच उभी आहे.