गोडी फुकट, आंबटपणा महाग

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षवेल झोपत नाही. जर्मनीत मोझेलच्या काठी नोव्हेंबरात पानगळ होते, वेल थंडीत उघडीबोडकी उभी राहते आणि वसंतातल्या उन्हाने डोळे फुटेपर्यंत तिला कुणी उठवत नाही. दिंडोरीत, विषुववृत्तापासून वीस अंशांवर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास तशी थंडीच पडत नाही. त्यामुळे वेलीने कधी वाढायचं आणि कधी फळायचं हे इथे बागायतदार कात्रीने ठरवतो. माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. काड्या पार बुडापर्यंत छाटायच्या आणि नव्या फुटव्यांवर उन्हाळ्याचं ऊन पडू द्यायचं. पुढच्या हंगामाचे घड त्याच उन्हात काडीच्या डोळ्यात सूक्ष्म रूपात तयार होतात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तिथून साधारण चार महिन्यांनी काढणी.

फळछाटणीनंतरचे दोन दिवस बघण्यासारखे असतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी रबरी हातमोजे घालून ओळीने पुढे सरकते आणि छाटलेल्या काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावत जाते. कुठला डोळा झाला, कुठला राहिला हे कळावं म्हणून त्यात रंग कालवलेला असतो. बागेत याला नुसतं ‘पेस्ट’ म्हणतात. पेस्ट लावली की डोळे एकसारखे फुटतात. नाहीतर थंडी न मिळालेली वेल मनाला येईल तशी पुढेमागे फुटते आणि माल एका वेळी तयार होत नाही. पेस्ट लावणाऱ्याने काही दिवस दारूला शिवायचं नसतं, कारण सायनामाइड आणि मद्य अंगात एकत्र आलं की माणूस बेजार होतो. वाइनच्या बाटलीची सुरुवात अशी सक्तीच्या दारूबंदीने होते, याची मला कायम गंमत वाटत आली आहे.

जर्मनीचं नाव काढलं ते उगीच नाही. तिथल्या द्राक्षपट्ट्याचा सगळा भूगोल एका कमतरतेभोवती उभा आहे: ऊब. मोझेलच्या काठचे उतार इतके खडे आहेत की काही ठिकाणी माणूस दोराचा आधार घेऊन काम करतो. का, तर दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर ऊन सरळ पडतं आणि काळपट पाटीचा दगड दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतो. एवढं करून ऑक्टोबरात रिसलिंग द्राक्षात साखर भरली तर भरली. म्हणून तिथे साखरेला मान. फोर्झहाइमच्या फर्डिनांड ओक्स्ले यांनी एकोणिसाव्या शतकात रसाची घनता मोजायचं साधन रूढ केलं, आणि १९७१च्या जर्मन कायद्याने वाइनची प्रतवारीच रसातल्या साखरेवर बांधली.

दिंडोरीत साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येक बागायतदाराच्या खिशात असतो, पण साखरेची चिंता वाइनवाल्याला फारशी नसते. फेब्रुवारीचं ऊन आठवड्याभरात ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, चढवतं. चिंता असते ती आम्लाची. ऊन वाढलं की आम्ल झपाट्याने उतरतं, आणि आम्ल गेलेली वाइन गोडसर, जड, बेचव होते. तेव्हा जर्मन माणूस उतारावर ज्या उबेमागे धावतो, तिच्यापासून दिंडोरीकर पळतो. रात्रीचा गारवा हे इथलं खरं भांडवल. शेजारच्या निफाडला एखाद्या हिवाळ्यात पारा दोन-तीन अंशांपर्यंत घसरतो. तेव्हा खाण्याच्या द्राक्षाचा मालक मणी तडकतील म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबक चालू ठेवतो. वाइनसाठी गार रात्री कामाच्या. मण्यातलं आम्ल त्या टिकवून धरतात. काढणीही पहाटेच उरकायची आणि क्रेट तापायच्या आत वायनरीत पोचवायचे.

आता जमीन. दिंडोरीच्या खाली सगळा दख्खनचा लाव्हा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. उत्तरेला सातमाळा, त्यात अहिवंत आणि अचला. दक्षिणेला मोगलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा रामशेज. मधल्या खोलगट प्रदेशातून कादवा, उनंदा, कोळवण, बाणगंगा आग्नेयेकडे उतरतात. पश्चिमेला ननाशीकडे पाऊस भरपूर आणि जमीन तांबडी, हलकी, तिथे भात-नागली. पूर्वेला जानोरी-मोहाडीकडे सरकावं तसा पाऊस कमी होत जातो, जमीन काळी आणि खोल होते. द्राक्ष या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात सुखी असतं. भारी काळी जमीन पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीत वेल पानांनी माजते आणि घडाकडे लक्ष देत नाही. वाइनवाल्याला आवडते ती हात-दीड हातावर मुरूम लागणारी जमीन. पाणी निचरून जातं, मुळी मुरमाच्या फटीत शिरते, मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि तांबड्या वाइनचा रंग नि तुरटपणा सालीतूनच येतो.

कलमाचं कारणही दोन्हीकडे वेगळं आहे. जर्मनीत वेल अमेरिकी खुंटावर चढली ती मुळं खाणाऱ्या फिलोक्सेरा किडीमुळे. इथे नव्वदच्या दशकात डॉगरिज खुंट पसरला तो क्षारांमुळे आणि पाणीटंचाईमुळे.

पाण्याचा विषय आला की दिंडोरीकर जरा कडवट होतो. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, तिसगाव, पुणेगाव ही धरणं याच तालुक्यात, पण पालखेडचा डावा कालवा निफाड ओलांडून येवल्यापर्यंत जातो. वाघाडची गोष्ट मात्र निराळी. तिथे ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने लाभक्षेत्राचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे आलं. शेपटाच्या शेतकऱ्यालाही पाणी कधी येणार हे आधी कळू लागलं, आणि ते कळल्याशिवाय कुणी द्राक्षासारख्या खर्चिक पिकात पैसा घालत नाही. इथल्या बागांची दाटी समजून घ्यायला मातीच्या नकाशाइतकाच कालव्याचा नकाशा लागतो.

तालुक्यातली बहुतेक द्राक्षं खायचीच आहेत: थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस. मोहाडीत विलास शिंदे यांची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी खायची द्राक्षं निर्यात करते. वाइनचं द्राक्ष हे धाकटं भावंड. राजीव सामंत यांनी १९९७मध्ये नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वायनरीसाठी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली, आणि शेनिनची निवड फारच चतुर ठरली. उन्हातही आम्ल सोडायला ती तयार नसते. शिराजने तांबड्यात तेच स्थान मिळवलं. ‘दिंडोरी रिझर्व्ह’ या नावाने ती बाटलीबंद झाली आणि तालुक्याचं नाव विमानतळावरच्या दुकानांत पोचलं. सुलाने रिसलिंगही करून पाहिली. चांगली उतरली, पण मोझेलची ती नाही. सुरीसारखी धार तिला इथल्या फेब्रुवारीत कुठून येणार? पिनो न्वारची तांबडी वाइन इथे नीट जमत नाही. फसफसणाऱ्या वाइनला मात्र द्राक्ष आंबट असतानाच तोडावं लागतं, म्हणून तिच्यात पिनो चालून जाते. अर्जेंटिना, कॅलिफोर्नियात बस्तान बसवलेल्या शांदों या फसफसणाऱ्या वाइनच्या कंपनीने दिंडोरी निवडली त्यामागे हे गणित असावं, असं मला वाटतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. २००१च्या राज्य धोरणानंतर वायनऱ्यांची रांग लागली, अनेकांनी करार करून वाइनच्या जाती लावल्या; २००८च्या मंदीने आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ओस पडलेल्या हॉटेलांनी त्यातल्या कित्येकांचं कंबरडं मोडलं. न उचललेली शिराज बाजार समितीत विकता येत नाही, कारण बियांचं, जाड सालीचं ते बारीक द्राक्ष खायला कुणी घेत नाही. लोकांनी बागा उपटून पुन्हा थॉमसन लावली.

‘नाशिक व्हॅली’ला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण ते फार ऐसपैस आहे. मोझेलच्या बाटलीवर पीसपोर्ट हे गाव आणि गोल्डट्रॉप्शेन हा उतार, दोन्ही छापलेले असतात. आपल्याकडे चारोसासारखं गावाचं नाव बाटलीवर आलं ते अपवाद म्हणून. करारातल्या वेगवेगळ्या गावांचा माल एका टाकीत पडला की मुरमाड जमिनीची शिराज कशी आणि काळीची कशी, हे चाखून ठरवायला जागाच उरत नाही. गावागणिक वेगळी टाकी लावली तर खर्च वाढेल, छोट्या वायनरीची टाकी अर्धी रिकामी राहील. तरी दोन-चार हंगाम एवढं करून पाहायला हरकत नाही. तेवढी शिराज आता तालुक्यात पिकते.